कवळीवाल्यांच्या पुस्तकात कुणी मरत नाही

आमच्या भाऊजींची पुस्तकांवरची मतं ऐकली की नव्या माणसाला वाटतं, यांनी अख्खं वाचनालय पालथं घातलं असणार. प्रत्यक्षात लग्न झाल्यापासून त्यांनी एकही पुस्तक हातात धरलेलं नाही. त्यांचे हात मोकळेच नसतात. ते कवळ्या करतात.

घराच्या मागच्या बाजूला त्यांची खोली आहे. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर पितळी बिजागरीचे जबडे ओळीनं आ वासून बसलेले, भिंतीला बारीक बारीक खणांचं कपाट आणि खणाखणात दात. पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा असतात हे मला त्या खोलीत कळलं. सगळ्यावर प्लास्टरची पूड, भाऊजींच्या भुवयांवरसुद्धा. मेणावर दात बसवायचे, कवळी तयार करायची आणि मग टेबलाखालचं पेडल पायानं दाबून मोटर सुरू करायची. मोटरला लांब नळी, नळीच्या टोकाला पेनाएवढा दांडा आणि दांड्यावर गरगर फिरणारा दगड. त्यानं कवळी घासून तोंडाच्या मापाची करायची. मोटर सुरू झाली की शेजारी बसलेल्याचंही बोलणं ऐकू येत नाही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ताईची खुर्ची. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. गेली एकतीस वर्षं रोज दुपारी बारा ते तीन ती त्या खुर्चीत बसून भाऊजींना पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवते. मोटर लागली की थांबते. मोटर बंद झाली की भाऊजी चष्म्यावरची पूड फुंकतात आणि म्हणतात, "हं, पुढे?" की ही पुन्हा सुरू. या दोन शब्दांवर त्यांचा संसार चाललाय असं मी म्हटलं तर ताईला राग येईल, पण चाललाय तो त्यांवरच.

मी समोरच्या नोटरीकडे टायपिंग करते आणि दुपारचा डबा ताईकडे बसून खाते, त्यामुळे रोज अर्धा तास पुस्तक माझ्याही कानावर पडतं. मला स्वतःला खुनाच्या गोष्टी लागतात. मोबाईलवर मी एक पॉडकास्ट ऐकते, त्यात दर शुक्रवारी नवा मुडदा निघतो. एखाद्या शुक्रवारी निघाला नाही तर माझा शनिवार फुकट जातो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी का चिडले ते कळेल.

भाऊजींचं सिनेमाबद्दलचं मत असं की सिनेमावाल्यांना दात कळत नाहीत. त्यांनी शेवटचा सिनेमा पाहिला त्याला बावीस वर्षं झाली. त्यात दुष्काळातला एक मेंढपाळ होता आणि त्याच्या तोंडात एकाच छटेचे अठ्ठावीस दात होते. दोन वेळचं खायला नाही त्याच्या तोंडात एवढा महाग माल आला कुठून, हे भाऊजींनी भर थेटरात मोठ्यानं विचारलं. मध्यंतराच्या आधी त्या मेंढपाळाचा भाऊ मारला गेला, तेव्हा ते उठून सरळ घरी आले. पॉडकास्टबद्दलचं मत आणखी वाईट. ती माणसं थांबत नाहीत. मोटर लावून बंद करावी तोवर त्यांचा विषय कुठल्या कुठे गेलेला असतो, आणि स्वतःच्याच विनोदाला स्वतःच हसतात. पुस्तकांचं मात्र तसं नाही. पुस्तकवाले सभ्य लोक, असं भाऊजी म्हणतात. पुस्तकात कुणी मरत नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला घास हातातच राहिला.

त्यामागची हकिकत अशी. लग्नाला दोन महिने झाले होते आणि ताई त्यांना एका शाळेच्या शिपायाची कादंबरी वाचून दाखवत होती. शेवटी तो शिपाई शाळा सुटल्याची घंटा देता देता जातो. भाऊजी त्या वेळी गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांची कवळी करत होते. त्यांना असं काही रडू कोसळलं की डोळ्यांतलं पाणी मेणावर, हात थरथरलेले, चार दात तिरपे. ती कवळी घालून मुख्याध्यापक वर्गात बोलायला लागले की शिट्टी वाजायची. तीनदा कवळी नव्यानं करून द्यावी लागली. भाऊजींनी प्रकाशकाला पत्र लिहिलं, "शिपाई सज्जन होता. कृपया पुन्हा असे करू नये." प्रकाशकाचं उत्तर आलं नाही. पण त्यानंतर कुठल्याच पुस्तकात कुणी मेलं नाही. आपल्या पत्रामुळेच सगळे लेखक सुधारले असं भाऊजी उघड म्हणत नाहीत, ते विनयशील आहेत. पण पत्राची तारीख त्यांच्या लक्षात आहे.

खरा प्रकार मला तीन वर्षांपूर्वी कळला, डबा खायला तिथं जायला लागले तेव्हा. भाऊजी डोळ्यांवर जाड चष्मा लावून एक वरची कवळी घासत होते, मोटर कानठळ्या बसवत होती आणि ताई थांबलेली नव्हती. तिचे ओठ हलत होते. बोट ओळींवरून सरकत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोटर बंद व्हायच्या आत तिनं पदरानं डोळे पुसले, पान उलटलं, आणि भाऊजींच्या "हं, पुढे?" ला दुसऱ्या दिवशीची सकाळ वाचायला लागली.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती म्हणाली, मी एक ओळ गाळत नाही, सगळं मोठ्यानं वाचते. त्यांची मोटर चालू असते त्याला मी काय करू? मी म्हटलं, ताई, मरणं नेमकी मोटरच्याच वेळेला कशी येतात? तर म्हणाली, मी वाट बघते. आणि फारच अडलं तर सांगते त्यांना, अहो, तो सुळा जरा टोचेल असं वाटतंय, घासून घ्या.

म्हणजे बघा. ज्या वर्षी त्यांच्याकडे युद्धाची कादंबरी चालू होती, त्या वर्षी गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे दात तांदळाएवढे झाले. भाऊजींच्या मते ते सहलीचं पुस्तक होतं. बरीच मुलं डबे बांधून लांब जातात आणि थोडी परत येतात, बाकीच्यांना तिकडे आवडलं असावं. आणि माझ्या लाडक्या खुनाच्या पुस्तकाचं तर त्यांनी वाटोळं केलं. ताईनं फार वर्षांपूर्वी वाचलेल्या त्या पुस्तकात एक पाहुणा मोठ्या बंगल्यावर येतो आणि दिसेल त्याला विचारतो, काल संध्याकाळी सात वाजता तुम्ही कुठे होता. शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि पोलीस कारभाऱ्याला घेऊन जातात. भाऊजींना ते फार आवडलं होतं. एकदा डबा खाताना मला म्हणाले, पाहुणा जरा भोचक आहे, पण घरची माणसं किती शांतपणे उत्तरं देतात. कारभाऱ्याला का पकडलं ते लेखकानं सांगितलेलं नाही, पण सगळंच कसं सांगायचं, थोडं वाचणाऱ्यावर सोपवावं लागतं. मी त्या दिवशी डबा अर्धा टाकून उठले. खुनाशिवाय खुनाचं पुस्तक आवडणारा माणूस माझ्या नात्यात निघावा, याचा मला मनापासून संताप आला.

तरी मी बोलले नाही. ताईसाठी बोलले नाही.

मग आला वाचनालयातला कारकून. हा चाळिशीचा, बारीक मिशीचा, आणि त्याला स्वतःचा पॉडकास्ट काढायचा नाद. ऐकणारे अकरा, त्यातले चार घरचे. आईची खालची कवळी दुरुस्तीला घेऊन आला आणि बसल्या बसल्या एका जुन्या कादंबरीचा विषय निघाला, जिच्यात घरची धाकटी सून शेवटी तापानं जाते. भाऊजी म्हणाले, कोण म्हणतं गेली? शेवटच्या पानावर तिचं नाव नाही म्हणजे ती मजेत आहे. लेखक माणसाचं नाव कधी घेतो, त्याला त्रास असेल तेव्हा. कारकून उभाच राहिला. पुस्तकांच्या धंद्यात वीस वर्षं काढूनही हे आपल्याला सुचलं नव्हतं, असं म्हणाला. मोबाईल एका उघड्या जबड्यात उभा केला आणि तिथल्या तिथे अख्खा भाग रेकॉर्ड करून घेतला.

तो भाग सातशे माणसांनी ऐकला. पंधरा दिवसांत वाचनालयातल्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं "संशयास्पद", "नाडी कोणी पाहिली?", "देह दाखवलेला नाही" असे शेरे उमटायला लागले. एका निवृत्त नर्सबाईंनी तीन कादंबऱ्यांमधले ताप तपासले आणि दोन ताप जीवघेणे नव्हते असा निकाल दिला. या लोकांचा एक गट झाला, ते स्वतःला जिवंत पक्ष म्हणवायचे. त्यांच्यापैकी दोघांचं आपसात भांडणही झालं, कारण एकाचं म्हणणं होतं की बुडालेला नावाडी पोहून पलीकडे गेला आणि दुसऱ्याचं की तो अजून पोहतोय. भाऊजींना लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, अमक्या पुस्तकातल्या आजोबांचं काय? भाऊजी प्रेमानं सांगायचे, बरे आहेत.

याला विरोध एकट्या मुख्याध्यापकांचा. तेच, शिट्टीचे. आता ऐंशीच्या पुढचे. तोंडात अजूनही भाऊजींचीच कवळी, ती युद्धाच्या कादंबरीच्या साली केलेली, त्यामुळे बोलताना दात दिसतच नाहीत. गेल्या वर्षी त्यांची बायको गेली. त्यांनी वाचनालयाला चार पानी पत्र लिहून कळवलं की हा शुद्ध चावटपणा आहे आणि आपण तो पुराव्यानिशी बंद पाडू. कारकुनाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यानं लगेच जाहीर कार्यक्रम ठरवला. रविवारी सकाळी दहा वाजता, वाचनालयाचं सभागृह, श्रोत्यांसमोर रेकॉर्डिंग, विषय भाऊजींची सगळ्यांत आवडती कादंबरी, म्हणजे दीपगृहाच्या रखवालदाराची. मुख्याध्यापक पुस्तक घेऊन येणार आणि पान उघडून वाचणार.

शनिवारी ताई मला म्हणाली, आता संपलं. तिच्या हातात लाटणं होतं आणि ते ती उगाचच पुसत होती.

मी म्हटलं, तूच सांगून टाक ना त्यांना. तर म्हणाली, सांगितलं. आज दुपारी सांगितलं, त्या शिपायानंतरचं सगळं.

"मोटर चालू असताना?"

"हो," ती म्हणाली, आणि खाली बसली. "ते रागावतील याची मला भीती नाही गं. रागावले तर दोन दिवस बोलणार नाहीत. पण परवा मी वाचायला बसले आणि त्यांच्या मनात आलं, ही खरं वाचतेय की नाही, तर मग झालं. ते ऐकायचे थांबले तर मी त्या खुर्चीत बसून काय करू?"

मुडद्यांच्या एवढ्या गोष्टी ऐकल्या, पण या अडचणीचा एकही शुक्रवार मला आठवेना. बहिणीला एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला त्या मुख्याध्यापकांचा, कारकुनाचा, त्या मेलेल्या रखवालदाराचा, सगळ्यांचाच राग आला.

रविवारी सभागृहात खुर्च्या साठ आणि माणसं दीडशे. जिवंत पक्ष डावीकडे बसला. ताईनं पर्स म्हणून बाजाराची मोठी पिशवी आणली होती आणि तिनं हट्टानं भिंतीकडेची, प्लगच्या शेजारची खुर्ची धरली. मला वाटलं मोबाईल चार्ज करायचा असेल. व्यासपीठावर टेबल, दोन माइक, कानाला हेडफोन लावलेला कारकून, आणि इस्त्रीच्या शर्टात भाऊजी. भुवया पहिल्यांदाच काळ्या दिसत होत्या.

भाऊजी छान बोलले. खोटं कशाला सांगू, मला गोष्टच आठवत नव्हती, त्यांच्या तोंडून ऐकताना ती डोळ्यांसमोर उभी राहिली. दीपगृहाला एकशे बारा पायऱ्या. रखवालदार रोज त्या चढतो, दिवा लावतो, उतरतो. शेवटच्या प्रकरणात त्याची मुलगी दिवा लावते. भाऊजी म्हणाले, याचा अर्थ म्हातारा आता खाली बसलाय. गुडघे दुखतात त्याचे. मुलगी वर चढते आणि तो खालून तिची पावलं मोजतो. एकशे बारा झाली की चहा ठेवतो. डावीकडे दोन-तीन जणांनी डोळे पुसले. नर्सबाईंनी गुडघ्यांबद्दल मान डोलावली.

मुख्याध्यापक उठले. हातात पुस्तक, पानात बसचं तिकीट घातलेलं. आधी ते एवढंच म्हणाले, "माझी बायको शेवटच्या पानावर नाही. म्हणून ती मजेत आहे, असं मला कुणी सांगू नये." मग त्यांनी पान उघडलं आणि वाचायला लागले, "त्या पहाटे म्हातारा चढायला लागला. त्र्याण्णवाव्या पायरीवर त्यानं कठड्याला हात लावला आणि—"

आणि मोटर सुरू झाली.

बाहेरगावी कवळी बसवायला जाताना न्यायची भाऊजींची लहान मोटर, डब्याएवढी. ती ताईच्या पिशवीत होती. वायर प्लगमध्ये, दांडा रुमालात धरलेला, आणि ताई नाकासमोर बघत बसलेली, जणू हा आवाज तिचा नव्हेच. लहान असली तरी त्या सभागृहात ती छतापर्यंत घुमत होती. कारकुनानं हेडफोन उपटून फेकला. मुख्याध्यापक मागे हटणारे नव्हते, ते वाचतच राहिले, तोंड हलतंय, मान थरथरतेय, पान उलटलं, तेही वाचलं. दीडशे माणसांना एक अक्षर ऐकू गेलं नाही. मी खुर्चीत खाली खाली सरकत होते. लाज वाटत होती आणि त्याच वेळी उठून ताईला मिठी मारावीशी वाटत होती.

भाऊजींनी आवाज ऐकल्याबरोबर आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. मग त्यांनी आवाजाच्या दिशेनं पाहिलं आणि त्यांना ताई दिसली. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मुख्याध्यापकांनी पुस्तक मिटलं तेव्हा ताईनं मोटर बंद केली.

"हं, पुढे?" भाऊजी म्हणाले. मुख्याध्यापकांना नाही, ताईला. तोंडातून गेलंच ते, सवयीनं.

उत्तर मुख्याध्यापकांनी दिलं. "पुढे काही नाही. तो गेला."

भाऊजींनी चष्मा काढला, फुंकला, पुन्हा घातला. त्यावर पूड नव्हती. "कितव्या पायरीवर म्हणालात?"

"त्र्याण्णव."

"म्हणजे एकोणीसच राहिल्या होत्या," भाऊजी म्हणाले आणि माइक टेबलावर आडवा ठेवला.

घरी येताना आम्ही तिघं एका ओळीत चालत होतो, मी मुद्दाम मध्ये. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापाशी भाऊजी थांबले आणि दुकानाच्या काचेकडे बघत विचारलं, अजून कोण कोण? ताई म्हणाली, मोजले नाहीत. भाऊजी म्हणाले, अंदाजे. ताई म्हणाली, दोनशेच्या वर असतील. भाऊजींनी तिथल्या कठड्याचा आधार घेतला. एकाच रविवारी दोनशे माणसं गेल्याची बातमी आली तर कुणीही घेईल.

सोमवारी त्यांच्या दारावर त्यांच्याच अक्षरात पाटी होती, "दुःखद घटनेमुळे काम बंद." पाटी वाचून शेजारपाजारचे लोक पडलेल्या चेहऱ्यानं यायला लागले. दातांच्या डॉक्टरांनी कंपाउंडरला पाठवलं. कोण गेलं, असं विचारलं की भाऊजी सांगायचे, बरेच जण. लोक हळहळून आणखी विचारायला धजत नव्हते. मी नोटरीकडे अर्धी रजा टाकली, कारण हे सोडून स्टँपपेपर टाइप करणं मला शक्य नव्हतं.

ताई तिच्या खुर्चीत बसली होती आणि आठवेल तसं एकेकाचं सांगत होती. धाकटी सून. कर्नल. नावाडी. जुळ्यांमधला थोरला. भाऊजी प्रत्येकाला विचारत होते, कशानं? त्रास फार झाला का? जवळ कुणी होतं का? ताई सगळं नीट सांगत होती. सहलीला गेलेल्या मुलांपाशी ती आली तेव्हा भाऊजींनी हातानं थांबवलं आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहिलं. मग त्या खुनाच्या पुस्तकातल्या बंगल्याच्या मालकाची पाळी आली.

"तो मालक? अभ्यासिकेत?" भाऊजी ताठ बसले. "म्हणून तो पाहुणा एवढं विचारत होता होय. मग बरोबर आहे त्याचं."

एकोणीस वर्षांनी त्यांना ते पुस्तक समजलं. मला हसू आवरेना आणि मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले. परत आले तेव्हा ते हळूच म्हणत होते, "म्हणजे माझं पत्र पोचलंच नाही." त्यावर ताई रडली. कर्नलला नाही, मुलांना नाही, त्या पत्राला रडली. भाऊजी तिच्याकडे पाठ करून कपाटाचे खण लावायला लागले.

चारच्या सुमाराला मुख्याध्यापक आले. दारातली पाटी त्यांनी दोनदा वाचली, चपला काढल्या आणि स्टुलावर बसले. कोण गेलं हे विचारण्याची त्यांना गरज नव्हती. तासभर दोघं म्हातारे जबड्यांच्या ओळीसमोर बसून होते. जाताना मुख्याध्यापक म्हणाले, मी रविवारी पुढचंही वाचलं होतं, कुणाला ऐकू आलं नाही. त्या मुलीनं बापाची जागा एक दिवसही अंधारात ठेवली नाही. भाऊजी म्हणाले, ते ठाऊक आहे मला, ते हिनं वाचलं होतं.

मंगळवारी पाटी निघाली. मी बारा वाजता डबा घेऊन गेले तेव्हा भाऊजी टेबलाशी होते, समोर एक खालची कवळी घासून, धुऊन, पुसून ठेवलेली. काम झालेलं होतं. ताई खुर्चीत नव्हती. स्वयंपाकघरात एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासत होती. मी तिला खुणेनं विचारलं, तिनं मान हलवली. बोलावलं नाही, म्हणाली. मी माझ्या आयुष्यात त्या दोन मिनिटांएवढी कशाला घाबरलेली नाही. मला एकदम कळलं की मलाही दुसरं काही नको, खून नकोत, शुक्रवार नको, ही दोघं फक्त समोरासमोर बसायला हवीत.

"हं, पुढे?" खोलीतून आवाज आला.

ताईनं हात साडीलाच पुसले. नवं पुस्तक एका सुताराबद्दलचं होतं, त्याची म्हातारी आई खाटेवर पडलेली. ताईचा आवाज पहिल्या पानाला कापरा होता, तिसऱ्याला सरळ झाला. भाऊजी ऐकत होते, मध्येच म्हणाले, या लेखकाला लाकूड कळतं. सातव्या-आठव्या पानाला ताई अडखळली. तिनं पुढची ओळ नजरेनं वाचली, ते मला दिसलं. तिनं टेबलाकडे पाहिलं. कवळी घासून झालेली होती, सुळा टोचत नव्हता, सांगायला काही उरलं नव्हतं. तिनं पुस्तक मांडीवर टेकवलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

भाऊजींनी दांडा उचलला. हातात कवळी नव्हती, दात नव्हता, काहीच नव्हतं. त्यांनी तो तसाच हवेत धरला आणि पायानं पेडल दाबलं.

मोटर घरघरायला लागली. ताई क्षणभर बघत राहिली. मग तिनं पुस्तक उचललं आणि बोट ओळीवर ठेवून वाचायला लागली, मोठ्यानं, एक ओळ न गाळता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एकतीस वर्षं ते पाणी त्यांना दिसलं नव्हतं, कारण डोळे कवळीवर असायचे. आज कवळी नव्हती, म्हणून ते तिच्या तोंडाकडे बघत होते, पान संपेपर्यंत. तिनं पान उलटलं तेव्हा त्यांनी पेडलवरचा पाय काढला.

"हं, पुढे?" ते म्हणाले.

मी डब्याचं झाकण लावलं आणि बाहेर पडले. नोटरीकडे पोचायला मला उशीर झाला होता.